एकाच झाडाला

"अगं, तू वेगळं झाड घे. झोपायचे दोन्ही झुले एकाच खोडाला बांधले, तर मी जरा कूस बदलली की तुझी झोपमोड," नवरा म्हणाला. दिवसभर जंगलात चालून तो मेटाकुटीला आला होता, ताडपत्री ताणताना गारठलेल्या बोटांना गाठही धड मारता येत नव्हती. पण बायको कसली ऐकते! तिनं आपल्या झुल्याचा पट्टा त्याच्याच खोडाला आवळला, थंडी खालूनच चावते म्हणून दोन्ही झुल्यांखाली रजया टांगल्या, गरम पाण्याची पिशवी त्याच्या पायाशी सरकवली आणि आपल्या झुल्यात शिरली.

तो ओंडक्यासारखा पडून राहिला. अंग आंबलं, पायाला मुंग्या आल्या, पण पठ्ठ्यानं करंगळीसुद्धा हलवली नाही. थोड्या वेळानं पट्ट्याला हिसका बसला.

"अहो, जागे आहात ना?"

"आहे."

डोळा लागतोय तोच पुन्हा हिसका. "अहो!"

आता मात्र त्याचा पारा चढला. "अगं बाई, तुला झोप लागावी म्हणून मी इथे श्वाससुद्धा जपून घेतोय, आणि तू…"

"तेच नको," ती म्हणाली. "गेल्या हिवाळ्यात दवाखान्यात तुम्ही बेशुद्ध होतात ना, तेव्हा रात्र रात्र तुमच्या पलंगावर हात ठेवून बसायचे मी. कधी हलाल म्हणून."

त्यानं कूस बदलली. मग पुन्हा बदलली. पलीकडून घोरणं सुरू होईपर्यंत तो कूस बदलत राहिला.