जादूघराची माणसं

कस्तुराबाई पडद्याआड उभी राहिली आणि तिनं पांडुरंगाला पुन्हा एकदा नवसाची आठवण करून दिली. ह्या लोकांनी माझ्या लेकाला नको म्हणावं. म्हटलं, की अंगणात कीर्तन ठेवते.

बैठकीत दोन पाहुणे बसले होते. एक अण्णासाहेब, रिटायर झालेले स्टेशनमास्तर. दुसरे दातांचे डॉक्टर. दोघंही फ्रीमेसन नावाच्या जुन्या बंधुसंघाच्या पूर्णा गावातल्या लॉजचे सभासद. रेल्वे कॉलनीमागची ती जुनी दगडी इमारत. खिडक्या उंचावर आणि कायम बंद. दारावर गवंड्याचा गुण्या आणि कंपास कोरलेला. गावात तिला लॉज कुणी म्हणत नाही, जादूघर म्हणतात. डोळ्यांवर पट्टी बांधून नेतात, आतलं बायकोलाही सांगायचं नाही, आत गेलेला माणूस देवाला विसरतो, असं कस्तुराबाईनं लहानपणापासून ऐकलेलं.

आणि तिचा महारुद्र तिथंच जायला निघाला होता. तो जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. दरवर्षी लॉजच्या व्हरांड्यात मोतीबिंदूचं शिबिर भरतं. म्हाताऱ्यांना हाताला धरून नेता-आणताना त्याला त्या माणसांचा लळा लागला. त्यानं अर्ज केला. अर्ज आला की दोघांनी घरी येऊन बोलायचं, घरच्यांनाही विचारायचं, ही लॉजची रीत.

"वहिनी, तुमची काही हरकत?" अण्णासाहेबांनी महारुद्रच्या बायकोला विचारलं.

"तिथं एप्रन बांधतात म्हणं," राजेश्री म्हणाली.

"बांधतो. पांढरा."

"मग घरी बी बांधायची सवय लावा यांना. माझी काय हरकत न्हाई."

सगळे हसले. पडद्याआड कस्तुराबाईलाही हसू आलं, ते तिनं पदरात दाबलं.

ती अण्णासाहेबांना निरखत होती. हा माणूस तिनं पाहिला होता. मारुतीच्या देवळातल्या सप्त्यात. बुवांनी अभंगाचा चरण धरला, टाळ-मृदंग एका लयीत आले, की मांडवाच्या खांबाला टेकून डोळे पुसणारा हाच. देवाला विसरलेला माणूस असा रडंल कशाला? तिला कळेना. पडदा बोटभर सरकला.

"आता एकच प्रश्न," अण्णासाहेबांनी कपबशी खाली ठेवली. "येणाऱ्या प्रत्येकाला आम्ही तो विचारतो. देवावर विश्वास आहे तुमचा?"

कस्तुराबाईचा हात पडद्यावरच राहिला. जादूघराची माणसं हे विचारतात?

तिनं स्वतः लेकाला हे कधी विचारलं नव्हतं. तेवढी छातीच झाली नव्हती. प्रत्येक कीर्तनाला महारुद्र तिला मोटारसायकलवर सोडतो. मांडवात पुढं जागा धरून देतो, पाण्याची बाटली हातात देतो आणि बाहेर चहाच्या टपरीवर जाऊन बसतो. कीर्तन सुटलं की मांडवाच्या तोंडाशी हजर. बायांनी विचारलं तर ती सांगते, त्याला गर्दी सोसत न्हाई.

महारुद्र हो म्हणाला तर जादूघरात जाणार. नाही म्हणाला तर तिचा नवस पावणार.

"हो म्हण रं," कस्तुराबाई पुटपुटली. आणि आपण काय बोललो हे उमगून तिथंच खिळली.

"न्हाई," महारुद्र म्हणाला. मग सावरून बसला. "नाही, सर. हो म्हणता आलं असतं. पण तुमच्यात यायचं तर खोटं बोलून कसं येऊ?"

"देव कोणता, हे आम्ही विचारत नाही," अण्णासाहेब म्हणाले. "आमच्या मेजावर गीता असते, कुराण असतं, बायबल असतं. ज्याचा जो ग्रंथ, त्याच्यावर हात ठेवून त्यानं शपथ घ्यायची. तुम्ही हात कशावर ठेवणार?"

"तेच तर मला कळंना गेलंय."

"मग आज नाही घेता येणार. शिबिराला मात्र येत राहा. आणि कधी उत्तर बदललं, तर दार तेच आहे." उठताना त्यांनी महारुद्रचा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

पाहुणे गेले. राजेश्री कपबशा उचलत सासूला म्हणाली, "झालं तुमच्या मनासारखं, आत्या. पावला तुमचा पांडुरंग."

कस्तुराबाई लेकासमोर येऊन बसली.

"माय, तुला वाईट वाटलं का?" त्यानं खाली बघत विचारलं.

"योगीराज महाराजांना फोन लाव. कीर्तन ठेवायचंय. आपल्याच अंगणात."

"आता?"

"लाव म्हणते ना. यावेळी मला सोडायला यायचं काम न्हाई. अन् आपल्या अंगणात चहाची टपरी बी न्हाई."

महारुद्रला हसू आलं. त्यानं फोन लावून आईच्या हातात दिला. पलीकडून महाराजांचा भरदार आवाज खोलीभर ऐकू आला. "काय कस्तुराबाई, नवस हाय का?"

"हाय, महाराज. एक फेडायचाय, अन् एक नवा बोलायचाय."

"नवा कशाचा?"

कस्तुराबाईनं लेकाकडं पाहिलं.

"त्या जादूघरानं माझ्या लेकाला आत घ्यावं."