कोपरापर्यंत

कोल्लेरू सरोवराकाठच्या आपल्या मत्स्यतळ्यात शेवाळ किती माजलंय, ते सत्तिराजू हातानंच जोखायचा. होडीतून कोपरापर्यंत हात बुडवायचा. तळवा दिसला तर पाणी ठीक. नाही दिसला तर शेवाळ मारायला मोरचुदाची निळी पूड मूठमूठ फेकायची.

आज तळवा दिसेना. कटला मासे वर येऊन धापा टाकत होते. त्यानं पूड फेकली.

"पुरे हो! मासे वाचवायचेत की मारायचेत?" बांधावरून बायको मंगायम्मा ओरडली. "मुगाचा पेसरट्टू गार झाला!"

"तळवा दिसू दे, मग खातो."

तेवढ्यात होडीशेजारी पाण्यातून एक हात कोपरापर्यंत वर आला. तळवा उघडून, काहीतरी जोखत असल्यासारखा, थोडा वेळ स्थिर राहिला आणि सावकाश खाली गेला.

मासे शांत झाले. वाराही पडला.

हात पुन्हा वर आला. या वेळी मूठ मिटलेली होती, आणि बोटांच्या फटींतून निळी पूड गळत होती.