एकच पुरतं

"सर, ॲपमध्ये लॉगिन केलेल्या माणसाची माहिती आपण सगळ्यांसाठी एकाच सामायिक जागी ठेवलीय. ज्याची त्याला वेगळी पुरवूया. नाहीतर शेवटी जो लॉगिन करेल, त्याचंच नाव सगळ्यांना दिसेल."

"एकच पुरतं. ॲप तयार झालंय, आता हात लावू नकोस. आणि मला शिकवू नकोस," देवस्थळी सर शर्वाणीला म्हणाले. वर, तिनं वर्षभर खपून लिहिलेल्या ॲपवरून तिचं नाव काढून त्यांनी स्वतःचं घातलं.

दुसऱ्या दिवशी काचेपलीकडे पतपेढीचे संचालक आपापल्या मोबाईलवर ते ॲप उघडून बसले होते. सर रंगात आले होते. बाहेर शर्वाणीनं लॉगिनमध्ये स्वतःचं नाव भरलं आणि तिचं बोट एंटरवर थबकलं. ॲप तिचंच लेकरू होतं. पण पडद्यावर 'निर्माते : देवस्थळी' दिसलं आणि तिनं एंटर दाबलं.

संचालकांनी पुढचं पान उघडलं, तर प्रत्येकाच्या मोबाईलवर एकच ओळ : 'नमस्कार, शर्वाणी तांबट.'

"देवस्थळी, ही शर्वाणी कोण हो?" अध्यक्षांनी विचारलं.

सर धावत बाहेर आले. "अगं, नीट कर ना पटकन!"

"मी तुम्हाला काय शिकवणार, सर?" म्हणत तिनं जेवणाचा डबा उघडला.