सुभेदारांच्या मापाची कबर

"मराय सोडून आपली समदी तयारी झालीया, गड्या," सुभेदार भाऊसो रणभिसे म्हणाले आणि आपल्याच कबरेवर चुन्याचा हात फिरवला.

पलीकडच्या कोपऱ्यात मंडळीतला इंद्रजित आणि दोघंजण नवी कबर खणायला सकाळपासून खडक फोडत होते. त्यांना ऐकू जावं म्हणूनच भाऊसो मोठ्यानं बोलले होते.

ईस्टरचा आदला दिवस. उद्या पहाटेची उपासना वडूजच्या ख्रिस्ती कबरस्तानात, म्हणून मंडळी आपापल्या माणसांच्या कबरी झाडून रंगवत होती. भाऊसोंना दोन रंगवायच्या होत्या. एक बायकोची, राहीबाईंची. तिच्या एका बाजूला कुंपणाची भिंत, दुसऱ्या बाजूला भाऊसोंची जागा. अकरा वर्षांपूर्वी राहीबाई जाताना त्यांनी शब्द दिला होता, "तुझ्या शेजारीच येतो." त्याच वर्षी मशीन लावून खड्डा खोदून घेतला, आत झोपून माप बघितलं, वर फरशा टाकल्या. दगडावर नाव कोरलं, जन्मसाल कोरलं, पुढं मोकळी जागा सोडली. घरी पाहुणा आला की चहाच्या आधी कबर दाखवायचे.

फाटकातून पाळकसाहेब आत आले. मागं सांगलीहून आलेली पल्लवी, नाथाजीची लेक.

नाथाजी काल, उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला गेला होता. भाऊसो त्याच्याशी बारा वर्षं बोलत नव्हते. चर्चच्या पंच कमिटीच्या निवडणुकीत नाथाजीनं त्यांना एका मतानं पाडलं होतं.

"काका," पल्लवी म्हणाली, "सकाळपासनं खणत्यात, गुडघ्याएवढंच झालंय. मशीन कोरेगावला गेलंय, सोमवारशिवाय येत न्हाई. ह्या उन्हात आबांना घरात किती ठेवू?"

भाऊसोंनी कुंचला बादलीत बुडवला. काढला. परत बुडवला.

पाळकसाहेब काहीच मागत नव्हते. तेच वाईट होतं. कालच्या उपासनेत वाचन भाऊसोंनीच केलं होतं, दरवर्षीसारखं, परेडच्या आवाजात. एका श्रीमंत माणसानं स्वतःसाठी खडकात खोदलेली नवी कबर प्रभू येशूला दिली, तो उतारा. तीस वर्षं तोच. कधी आवाज अडखळला नव्हता.

"प्रभूनं तिसऱ्या दिवशी उठून कबर मोकळी करून दिली," भाऊसो शेवटी म्हणाले. "नाथाजी देनार हाय का?"

"देणार की," पाळकसाहेब म्हणाले. "जरा उशीर लागंल."

 भाऊसोंनी राहीबाईंच्या कबरेकडं बघितलं. मग नावाचा दगड बाजूला घ्यायला सांगितला आणि पहिली फरशी स्वतः वाकून सरकवली.

चार वाजता नाथाजीची शवपेटी आली. गीत झालं, प्रार्थना झाली, दोर लावून पेटी खाली सोडली. डोक्याकडून गेली, पायाकडून अडकली. खड्डा पाच फूट पाच इंचाच्या सुभेदारांचा. नाथाजी सहा फुटांच्या वर. वीतभर कमी पडलं.

"हितं बी पाडलं मला," भाऊसो पुटपुटले.

पेटी वर घेतली. इंद्रजित पहार घेऊन पुढं झाला. त्याच्या दोन्ही तळहातांवर फोड फुटलेले.

"थांब रं. माप मी घेतलंया. चूक माजी हाय."

आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांचे सुभेदार शिडीनं आपल्या कबरेत उतरले. पहार फिरवायला आड येते म्हणून शिडी वर ओढून घ्यायला लावली. तासभर आतून कपच्या उडत राहिल्या. वर नाथाजी वाट बघत होता. दीड हातावर, खडकापलीकडं, राहीबाई होत्या.

"राहे," भाऊसो हळूच म्हणाले. "आता शेजारी न्हाई जमायचं. त्यो येतोय. मी त्या कोपऱ्यात असतो." पहार थांबली. "आन् काय गं, ते एक मत तुझंच हुतं न्हवं?"

"आवं सुभेदार, काय म्हणालासा?" वरून इंद्रजितनं विचारलं.

"माप घे म्हनलं."

माप बसलं. ऊन उतरलं होतं. पाळकसाहेबांनी पुस्तक उघडलं, इंद्रजितनं शिडी खाली सोडली. भाऊसो वर येईनात. गुडघे आखडले होते, पहिल्या पायरीवरसुद्धा पाय उचलत नव्हता. शेवटी पेटीचेच दोर सोडून भाऊसोंच्या काखेखालून घेतले, आणि ईस्टरच्या एक दिवस आधी चौघांनी त्यांना त्यांच्या कबरेतून वर काढलं.