दोरीला काप

"उतर! अजिंक्य, आधी खाली उतर!"

गुणाजी इतक्या जोरात ओरडला की पडवीतल्या सावित्रीवहिनी धावत अंगणात आल्या. आंब्याच्या शेंड्याजवळ अजिंक्य दोन्ही हात सोडून कमरेच्या पट्ट्यावर रेलला होता. सकाळपासूनचं त्याचं हे तिसरं झाड.

"काय झालं?" त्यानं वरून विचारलं.

"दोरीला काप हाय! अर्धी तुटलीय, माझ्या डोळ्यांनी बगितलंय. भार देऊ नको!"

अजिंक्यनं फांदीला मिठी मारली. मग खोडाला धरून सावकाश उतरला.

नाटे गावातल्या या बागेत तीस वर्षं गुणाजीच झाडावर चढत आला होता. पावसाआधी घरावर झुकलेल्या फांद्या तोच तोडायचा, अनवाणी, कमरेला काथ्याची दोरी बांधून. यंदा वहिनींनी अजिंक्यला बोलावलं. पुण्याला शिकून आलेला. डोक्यावर हेल्मेट, अंगावर पट्टे, लोखंडी कड्या, आणि पिवळ्या पिशवीतली ती दोरी. "चार माणसं लोंबकळली तरी तुटायची नाही," असं वहिनी शेजारच्या तुळसाला कौतुकानं सांगत. गुणाजीला काम मिळालं ते खाली पडलेल्या फांद्या ओढायचं.

चार दिवस तो मान वर करून बघत होता. वर अजिंक्य झोपाळ्यावर बसावं तसा बसायचा आणि वहिनी खालून म्हणायच्या, "जपून रे बाळा." तीस वर्षांत गुणाजीला कुणी जपून म्हटलं नव्हतं.

आता मात्र वहिनी गुणाजीकडे वळल्या. "गुणाजी, तू होतास म्हणून रे! बस, बस." पडवीतली खुर्ची त्यांनी स्वतः पुढे ओढली. चहा आधी त्याला आला, मग अजिंक्यला. गुणाजी तो बशीत ओतून चवीनं प्यायला.

"आमच्या वक्ताला असली साधनं नव्हती, वयनी. पण नजर होती."

"खरंच हो," वहिनी म्हणाल्या.

अजिंक्यनं दोरी झाडावरून ओढून घेतली होती. वीत वीत करत, दाबून, वाकवून तो ती तपासत होता.

"काका, काप कुठेच नाही."

"गाठीजवळ बग."

त्यानं पुन्हा बघितलं. मग हसला. "अहो, ती जुनी दोरी! काल शेवटच्या फांदीवर करवत लागली तिला. एकदा काप गेला की दोरी बाद. ही नवी, आज सकाळीच काढली."

"असू दे," वहिनी म्हणाल्या. "त्याचा जीव तुटला तुझ्यासाठी, हे काय कमी आहे?"

अजिंक्यनं हसत मान हलवली. दोरी गुंडाळता गुंडाळता त्याचा हात थांबला.

"पण काका, ती जुनी दोरी तर मी काल संध्याकाळीच घरी नेली. म्हणजे तुम्ही काप बघितलात तो काल. आणि आज मी दोन झाडं चढून उतरलो, तेव्हा तुम्ही खालीच उभे होतात ना?"