डावखुरी

"तुम्ही त्या नाहीतच," तपासनीस म्हणाला. "तुम्ही त्यांची मुलगी आहात."

म्हातारीने चहाचा शेवटचा घोट भुर्रकन ओढला आणि कप खाली आदळला. एकशे चौदा वर्षांत लोकांचं तिला नाही नाही ते म्हणून झालं होतं. हे मात्र नवीन होतं.

"काय म्हणतोय हा मुडदा?" तिने नातवाला विचारलं. ऐकू तिला नीट आलं होतं.

नातू सदुसष्ट वर्षांचा. सकाळपासून इस्त्रीचा शर्ट घालून बसला होता, कारण जगातली सगळ्यात म्हातारी बाई म्हणून आजीचं नाव आज पक्कं व्हायचं होतं. आता त्याचे कान लाल झाले. "साहेब, तोंड सांभाळून बोला."

असल्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेचा हा तपासनीस तिसऱ्यांदा आला होता. पहिल्याच भेटीत म्हातारीने त्याला अर्धवट म्हटलं होतं, आणि ते तो विसरला नव्हता. त्याने फाइल उघडली. आत म्हातारीच्या नावाचं शिवण कारखान्याचं जुनं कार्ड होतं, काज-बटण खात्याचं. नावापुढे मुकादमाने शेरा मारलेला: डावखुरी.

"तीनदा बघतोय मी. कप उजव्या हातात, चमचा उजव्या हातात. परवा माशी मारलीत, तीही उजव्या हाताने."

"अहो, डाव्याला कंप आहे. चहा सांडतो," नातू म्हणाला. "आजी, दाखव बघू दोन अक्षरं डाव्या हाताने लिहून. जिरू दे यांची."

"नाही लिहिणार. सर्कशीतलं अस्वल आहे का मी? याने टाळी वाजवली की नाचायचं?"

"आजी, आजचा दिवस तरी हट्ट सोड गं!"

"का? तुझा शर्ट वाया जाईल?"

तपासनीसाने फाइल मिटली. "हे बघा. एकसष्ट वर्षांपूर्वी या खोलीत एक बाई तापाने गेली. तुम्ही म्हणता मुलगी गेली, तीस वर्षांची. मी म्हणतो आई गेली. मुलीने आईचं नाव घेतलं, कारखान्यातली जागाही घेतली. नाहीतर कारखान्याने खोली काढून घेतली असती."

"तिशीतली बाई त्रेपन्नाची म्हणून खपते होय?" नातू म्हणाला.

"कागदावर खपते."

"अहो, मी सहा वर्षांचा होतो! मला माझी आई कळत नव्हती?"

"सहा वर्षांच्या पोराला सांगाल ते पटतं."

नातू ताडकन उठला. खुर्ची मागे पडली. तो त्या माणसाची कॉलर धरणार, एवढ्यात म्हातारीने काठी जमिनीवर आपटली.

"थांब. मला विचारू दे याला." ती तपासनीसाकडे डोळे बारीक करून बघत होती. "तुझ्या कागदात आमची बेबी मेलीच नाही?"

"बेबी म्हणजे तुम्हीच. नाही मेली. आज एक्क्याण्णव वर्षांची आहे."

"आणि तापाने मेली ती मी."

"ती आई."

"तेच ते."

लेकीच्या उशाशी बसून म्हातारी तेव्हा घसा फुटेपर्यंत ओरडली होती, तिला ठेव, मला ने. कोणी ऐकलं नाही. तेव्हापासून ती देवाला, डॉक्टरांना आणि दारात येईल त्याला शिव्या घालत जगली होती, आणि मरण काही येत नव्हतं.

"तुझी अक्कल गहाण पडलीय," ती शेवटी म्हणाली. "पण लिही. बेबी जगली असं लिही. ठळक लिही."

"आजी!" नातू किंचाळला. "वेड लागलं का तुला? उद्या पेपरात येईल, म्हातारी लबाड निघाली म्हणून! लोक तोंडावर थुंकतील!"

"कोणाच्या तोंडावर? मी तर मेले ना?"

तपासनीसाने छापील कबुलीजबाब पुढे सरकवला, वर पेन ठेवलं. "सही करा. खऱ्या नावाने." जिंकला होता तो. आता त्याला या खोलीतून लवकर निघायचं होतं. खाली वाकून तो फायली बॅगेत कोंबायला लागला. बॅगेची चेन अडकली, ती तो शिव्या देत ओढत बसला.

म्हातारीने पेन उचललं. हात लटपटत होता. काज शिवावं तसं एकेक अक्षर तिने जीभ चावत काढलं. बेबीचं नाव पुरं झालं, तशी खाली एक रेघही मारली.

नातवाचं लक्ष तिच्या हाताकडे गेलं. डावा होता.

"आजी, तू..."

"गप!" ती नातवावर खेकसली आणि कागद तपासनीसाच्या अंगावर फेकला. "तुझ्या आईची सही आहे ती."