चाळीस डॉलरचा पास

कॉलेजचं पत्र आलं. सरकारी मदत वजा जाता माझी वर्षाची फी शून्य! आईने त्या आनंदात शेजारणीपासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांना मक्याचा पाव खिलवला. खर्च एकच उरला होता, गाडी लावायच्या पासाचा. चाळीस डॉलर, ज्याचे त्याने भरायचे.

"मी नाही भरणार," मी जाहीर केलं. "फुकट म्हणजे फुकट!"

"डेलिया, बिनपासाची गाडी दिसली की मी पावती फाडतो. मग ती पोटच्या पोरीची का असेना," बाबा म्हणाले. त्याच कॉलेजच्या पार्किंगमध्ये गाड्या तपासण्यात त्यांची अठरा वर्षं गेली होती.

"फाडून तर बघा!"

पहिल्या दिवशी तास संपवून बाहेर आले, तर माझ्या खटाऱ्याच्या वायपरखाली खरंच पावती. बाबांचंच अक्षर. दंड पंधरा डॉलर! मी चिडून कारणाच्या रकान्यात पाहिलं.

 

'पास कालपासून पुढच्या कप्प्यात ठेवलेला आहे, पण काचेला लावलेला नाही.'